पांढऱ्याचे फोटो

दुर्बिणीतून काढलेला आकाशाचा फोटो जसा निघतो तसा कधीच चांगला नसतो. मध्यभागी उजळ आणि कडांना काळपट असतो. कॅमेऱ्याच्या आत काचेवर धुळीचा कण बसलेला असला तर फोटोत त्या जागी फिकट काळं कडं उमटतं, ओली वाटी ठेवून उचलल्यावर फरशीवर राहतं तसं. हे दोष काढायची एक रीत आहे. कॅमेरा दुर्बिणीला जसा लावलेला आहे तसाच ठेवायचा, काहीही हलवायचं नाही, आणि सगळीकडे अगदी सारख्या पसरलेल्या पांढऱ्या उजेडाचा फोटो काढायचा. त्या फोटोत आपल्या यंत्राचे दोष सोडून दुसरं काहीच नसतं. मग संगणक पहिल्या फोटोला या दुसऱ्याने भागतो आणि दोष निघून जातात. या दुसऱ्या फोटोला फ्लॅट म्हणतात.

तुमच्या मामाबद्दल, म्हणजे माझ्या मुलाबद्दल, काहीतरी लिहून पाठव, असं तुमच्या आईने मला सांगितलं आहे. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. मी लिहायला बसले तेव्हा ध्यानात आलं, की तो गेला त्या वर्षातलं मला नीट, ओळीने आठवतं ते एवढंच: आम्ही फ्लॅटसाठी उजेड शोधत होतो. म्हणून तेच लिहिते.

दुर्बीण त्याने आणि आजोबांनी घरी केली होती. तो तेव्हा सातवीत होता, म्हणजे नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. दुर्बिणीच्या आरशासाठी आठ इंची काच आणून, पाण्याच्या रिकाम्या पिंपावर ठेवून, दोघं ती पुडीने घासत. वर तशीच दुसरी काच, मधे खरबरीत पूड आणि पाणी, आणि पिंपाभोवती हळूहळू फिरायचं. आजोबा तेव्हा पाटबंधारे खात्यात नोकरीला होते. ते ऑफिसातून आले की चहा घेऊन लगेच पिंपाशी. ती पूड घरभर होई. एकदा पोळीत कचकच लागली तेव्हा मी पिंप गच्चीवर हलवायला लावलं आणि तेव्हापासून गच्ची त्यांची झाली. पुढे तिथे पत्र्याची शेड आली. तिचं छप्पर ढकललं की बाजूला सरकत असे.

मामा इंजिनियर झाला, चांदवडला शिकवायला लागला. रोज गंगापूर रोडवरच्या आमच्या घरून मोटारसायकलने जाऊन येऊन करायचा. पहिल्या वर्षाच्या पगारातून त्याने डिजिटल कॅमेरा घेतला. त्या जानेवारीत दोघांनी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे फोटो काढले. पुष्कळ फोटो काढून ते एकावर एक रचायचे असतात. उशीर झाला. फ्लॅट राहिले. ते संध्याकाळच्या आकाशाचे काढायची त्यांची पद्धत होती, सूर्य मावळल्यावर आणि तारे दिसायच्या आत. सकाळी बूट घालताना तो म्हणाला, "बाबा, कॅमेरा काढू नका हं. आल्यावर फ्लॅट घेऊ."

आजोबा म्हणाले, "तू वेळेत ये म्हणजे झालं."

चांदवडच्या अलीकडे महामार्गावर कांद्याचा ट्रॅक्टर वळत होता. धुकं होतं. याहून जास्त मी लिहिणार नाही, कारण याहून जास्त मला माहीत नाही. रात्री त्याची झोप किती झाली होती, हे आम्हाला कोणी विचारलं नाही. पोलिसांनीही नाही. आजोबांनी ते स्वतःला विचारलं असणार. माझ्याजवळ कधी बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

कॅमेरा वर दुर्बिणीला तसाच होता.

महिना उलटल्यावर एका संध्याकाळी आजोबा जिना चढून गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी चादर काढली, छप्पर सरकवलं, दुर्बीण सरळ वर केली आणि वाट पाहत उभे राहिले. खालून कोणीतरी बेल वाजवत होतं. त्या दिवसांत संध्याकाळी माणसं भेटायला येत. मी दिवा लावायला खाली गेले, पाहुण्यांना पाणी दिलं, परत वर आले तर आजोबा छप्पर बंद करत होते.

"मिळाले का?"

"पश्चिमेकडून उजेड जास्त येतो. फोटोची एक बाजू उतरते, काळपट पडते."

"पूर्वी चालत होते ना याच आकाशाचे?"

"पूर्वी तो कोन बघायचा," ते म्हणाले.

पुढे होळीपर्यंत आम्ही संध्याकाळचं आकाश धरायचा प्रयत्न केला. ती वेळ फार थोडी असते. कधी पातळ ढग असत, कधी धुळीने आकाश पिवळट दिसे, कधी पाहुणे. एकदा सगळं जमलं होतं, तेवढ्यात पंचवटीहून आजोबांची मोठी बहीण आली. मी तिला ताई म्हणत असे. गुडघ्यांचं दुखणं असूनही ती तशीच गच्चीवर चढली.

"काय चाललंय रे?"

"फोटो."

"कशाचा? वर तर काही नाही."

"काही नसलेल्याचाच काढायचा असतो."

ताईने माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंस? आयुष्यभर काळ्याचे फोटो काढले, आता पांढऱ्याचे. अरे, चार माणसं खाली येऊन बसतात, त्यांच्यात बस जरा."

"बसतो ना."

"कधी बसतोस? मागच्या वेळी आले तेव्हा तुझ्या शेजाऱ्याशी बोलायचं संपलं, तर मीच त्याला गेल्या जन्मीची माहिती देत बसले होते."

आजोबा हसले नाहीत. मीही नाही. पण आता लिहिताना आठवतं, ती एकटीच त्या घरात नेहमीच्या आवाजात बोलत असे.

मग आजोबांनी ठरवलं, की आकाशावर अवलंबून राहायचं नाही. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून बांधायचं आणि त्यावर बाहेरून दिवा धरायचा. तशीही एक रीत आहे. आम्ही मेनरोडला कापडाच्या दुकानात गेलो. जानेवारीत दिरांनी तिथूनच कापड आणलं होतं. दुकानदाराने आम्हाला ओळखलं.

"पांढरं दाखवा," आजोबा म्हणाले. "मांजरपाट."

दुकानदाराचा हात गठ्ठ्यावर थांबला. "किती देऊ काका?"

"एक मीटर."

"एक मीटरमध्ये कसं भागेल?"

"दुर्बिणीला लावायचंय," मी म्हटलं.

"मग आधी सांगायचं ना काकू! मी म्हटलं, आता काय झालं." त्याने श्वास सोडला, कापड फाडलं, घडी घातली. आम्ही पायरी उतरत असताना तो मोठ्याने म्हणाला, "परत या बरं का." त्या दुसऱ्या कामासाठी कापड नेणाऱ्याला कोणी असं म्हणत नाही. त्याने मुद्दाम म्हटलं, हे मला कळलं. आजोबांना कळलं का, माहीत नाही. ते रस्त्यातच कापड उन्हाला धरून बघत होते.

मांजरपाटात गाठी निघाल्या. मग मी कपाटातून मलमल काढली, धुऊन, इस्त्री करून, दुहेरी घातली. कापडाचा प्रश्न सुटला. उजेडाचा राहिला.

ट्यूबलाइट धरून पाहिली. फोटोत आडवे पट्टे आले. ट्यूब सारखी उघडझाप करत असते, आपल्या डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. बल्ब धरला तर उजेड तांबूस, आणि फोटोतला निळा भाग जवळजवळ रिकामा. शेजारच्या पाण्याच्या टाकीची भिंत नुकतीच पांढरी रंगवली होती, तिच्यावर सकाळचं ऊन पडे. आजोबांनी दुर्बीण तिकडे वळवली. भिंतीची एक बाजू उजळ निघाली. त्या उन्हाळ्यात भारनियमन जोरात होतं, म्हणून घरात बॅटरीवरचा इमर्जन्सी दिवा होता. त्याचा उजेड बरा होता, पट्टेही नव्हते. पण बॅटरी उतरत जाई तसा तो मंद होई आणि पहिला फोटो आणि शेवटचा फोटो सारखे येत नसत.

मामाच्या लॅपटॉपचा पडदा पांढरा करून दुर्बिणीच्या तोंडावर ठेवता आला असता. मी तसं सुचवलं.

"नको," आजोबा म्हणाले. नंतर म्हणाले, "त्याच्यात निळं जास्त असतं."

इंटरनेटवर जगभरच्या हौशी लोकांचा एक गट होता. मामा त्यात लिहायचा. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. मी व्यवस्थित प्रश्न लिहिला: दुर्बीण अशी, कॅमेरा असा, फ्लॅटसाठी कोणता उजेड वापरावा. भराभर उत्तरं आली. कोणी पहाटेच्या आकाशाच्या बाजूने, कोणी पुठ्ठ्याच्या पेटीच्या. दोघं आपसातच भांडायला लागले. मी उत्तरं एकेक मराठीत करून आजोबांना वाचून दाखवली. त्यातल्या एकाने लिहिलं होतं, उजेड कुठलाही चालेल, फक्त एकदाचे फ्लॅट काढून मोकळे व्हा.

"पुढचं वाच," आजोबा म्हणाले.

पुढच्याने विचारलं होतं, की मूळ फोटो कधीचे आहेत. मी म्हटलं, "जानेवारीचे, असं लिहू?"

"काही लिहू नकोस."

संगणक बंद करताना मला समजलं, की प्रत्येक उजेडात आजोबांनी जो दोष काढला तो खरा होता. पट्टे खरे, तांबूसपणा खरा, उतरणारी बॅटरी खरी. आणि तरी त्यातल्या एखाद्या उजेडावर काम भागलं असतं. फ्लॅट झाले की फोटो पुरा होणार होता. फोटो पुरा झाला की कॅमेरा काढावा लागणार होता. तो कॅमेरा मामाच्या हाताने बसवलेला होता. जोवर उजेड मिळत नव्हता तोवर 'आल्यावर फ्लॅट घेऊ' हे काम चालू होतं.

हे मी त्यांना म्हटलं नाही. कळल्यावर मला रडू यायला हवं होतं, तेही आलं नाही. मी भाजी निवडायला बसले.

पण मे महिना संपत आला होता. पावसाळ्यापूर्वी दुर्बीण दरवर्षी सुटी करून खाली आणत असू. शेड गळते, आणि दमट हवेत आरशावर बुरशी धरते. एकदा बुरशी लागली की आरसा गेलाच. एका दुपारी आजोबा ताडपत्री घेऊन आले.

"यंदा वरच राहू दे," म्हणाले. "नीट गुंडाळून ठेवतो."

ताई त्या दिवशी जेवायला होती. "वर कशाला? पोराने हाताने घासलेली काच सडवायचीय का तुला?"

"सडत नाही. गुंडाळतोय ना."

"गुंडाळलेलीच सडते. पापडांचं विचार मला."

आजोबा ताडपत्री घेऊन जिन्याकडे गेले. ताई मला हळू आवाजात म्हणाली, "अगं, तू काहीतरी बोल. माझं तो कधीच ऐकत नाही. आईनं मला त्याच्या आधी जन्माला घातलं, तो राग अजून गेला नाहीये."

मी स्टूल घेतलं, माळ्यावर चढले आणि गणपतीचं मखर खाली काढलं.

मखर थर्माकोलचं होतं. आदल्या वर्षी मामाने केलेलं. कमान, दोन खांब, मागे मोठी सपाट पाठ, समोरून सोनेरी रंग आणि चमकी. ते जुन्या साडीत गुंडाळून ठेवलं होतं, पुढच्या वर्षी वापरायला. पण ज्या घरात माणूस गेलं आहे तिथे वर्षभर सण करत नाहीत. त्या वर्षी गणपती आमच्याकडे बसणार नव्हता, दिरांकडे बसणार होता.

मी मखर जेवणघरात जमिनीवर ठेवलं आणि आजोबांना हाक मारली. "अहो, जरा खाली या."

ते आले. मखर पाहिलं.

"ते पेटीचं वाचलं होतं ना," मी म्हटलं. "आतून पांढरी पेटी. कोपऱ्यात छोटे बल्ब, उजेड भिंतींवर आपटून पुढे येतो. थर्माकोल चालतो म्हणाले."

"हे कापायचं?"

"यंदा लागणार नाही."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी बाजारातून आणू."

ताई उठून ओट्याकडे गेली आणि आमच्याकडे पाठ करून, घासलेली भांडी पुन्हा विसळायला लागली. आजोबा मखराजवळ मांडी घालून बसले. बराच वेळ त्यांनी हात लावला नाही. मग पाठ उलटी केली. मागची बाजू कोरी होती, पांढरी. मामाने कमान आखताना पट्टीने ओढलेल्या पेन्सिलच्या रेघा तेवढ्या दिसत होत्या. आजोबांनी खोडरबर मागितलं. त्या रेघा त्यांनी पुसल्या. मी पाहत होते. ते अगदी नीट, एकेक रेघ पुसत होते, आणि रबराचा चुरा फुंकून टाकत होते.

"रेघ राहिली तर उजेडात डाग येईल," म्हणाले.

कापायला मी भाजीची सुरी दिली. थर्माकोल कापताना जो आवाज होतो तो ताईला सहन होत नसे, तरी ती थांबली. कोरी बाजू आत आणि सोनेरी बाजू बाहेर अशी पेटी झाली. चमकी सगळ्यांच्या हाताला लागली. ती आत जाऊ नये म्हणून मी ओल्या फडक्याने पुसत होते. पुढच्या तोंडाला दुधी रंगाचा पातळ प्लास्टिकचा पत्रा, पाट्या रंगवणाऱ्याकडून आणलेला. चार कोपऱ्यांत छोटे बल्ब, उलटे तोंड करून. बल्बचा उजेड तांबूसच होता, म्हणून त्यांच्यावर निळा पारदर्शक कागद. तोही मखराच्या सामानातलाच. आणि आमच्या स्कूटरची बॅटरी, पूर्ण भरलेली, म्हणजे उजेड उतरणार नाही.

"काय रे हे," ताई म्हणाली. "देव नसलेलं देवघर दिसतंय."

"असू दे," आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सूर्य मावळल्यावर आम्ही पेटी वर नेली. दुर्बीण सरळ उभी केली, तोंडावर मलमल, त्यावर पेटी. बाहेरचा उजेड येऊ नये म्हणून भोवती माझी काळी शाल. बटणाची वायर माझ्या हातात होती. आजोबा म्हणाले, "घे," आणि मी दाबलं. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर एक आलेख दिसतो. उजेड बरोबर असेल तर आलेखाची टेकडी मधोमध येते. ती मधोमध आली.

"अजून घे."

मी घेत गेले. टेकडी तिथेच राहिली. पट्टे नव्हते, तांबूसपणा नव्हता, कोणतीही बाजू उतरत नव्हती. आजोबांनी पुन्हा पुन्हा पाहिलं. दोष सापडला नाही. खाली दिवा लावायचा राहिला होता. मी त्या दिवशी गेले नाही.

कॅमेरा तसाच ठेवून त्यांनी कार्ड काढलं आणि आम्ही संगणकापुढे बसलो. भागाकार व्हायला त्या संगणकाला बराच वेळ लागे. मग फोटो आला. तेजोमेघ पंख पसरल्यासारखा, कडांपर्यंत स्वच्छ. जानेवारीतली सगळी काळी कडी गेली होती. फक्त खाली डाव्या कोपऱ्यात एक नवीन कडं होतं, काळं नव्हे, उजळ.

आजोबा पडद्याजवळ वाकले. "उजेडात फरक असणार. डाव्या बाजूचा बल्ब. उद्या बदलून बघू."

मी पांढरा फोटो उघडायला लावला. त्यात त्याच जागी काळं कडं होतं. मग जानेवारीतला मूळ फोटो. त्यात तिथे काही नव्हतं, म्हणून संगणकाने नसलेला डाग काढायला जाऊन ती जागा उजळ केली होती.

"बल्ब नाही," मी म्हटलं. "हा कण नंतर बसलाय. तेव्हा नव्हता."

"पेटीतलं काही..."

"अहो, उजेडाचा दोष नाही. मधे इतके महिने गेले. धूळ बसणारच."

बाहेर भाजीवाला शेवटचा फेरा मारत होता, त्याची हाक ऐकू येत होती. आजोबांनी चष्मा काढला, शर्टाने पुसला, पुन्हा घातला.

"हो," ते म्हणाले. "नंतर बसलाय."

ते कडं ब्रशने पुसता येतं, संगणकात तशी सोय आहे. त्यांनी पुसलं नाही. फोटो त्यांनी तसाच ठेवला आणि उठून जिना चढले. मी वर पोचले तेव्हा कॅमेरा निघालेला होता. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि दुर्बिणीच्या उघड्या भोकावर झाकण लावलं.

दुर्बिणीची नळी दोन माणसांशिवाय उचलत नाही. एरवी खालचं टोक मामा धरायचा, कारण तिकडे आरसा असतो आणि वजन तिकडेच असतं. आजोबा त्या बाजूला गेले. मी वरचं टोक धरलं.

"जड आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"वळणावर थांब. तिथे मी सांगतो तसं वळायचं."

आम्ही उतरायला लागलो. वळणावर मी थांबले आणि त्यांनी सांगितलं तशी वळले.